सरकारला उशी कशी द्यायची?

...आपण कुणाचं फुकट घेत नाही. बस्स, विषय संपला. का, कशासाठी, कुणी ठरवलं, असलं काही विचारायचं नाही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, तर आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खेळता खेळता घराचा खांबच काढून घेतलाय. आणि तुम्हाला सांगते, हा नुसता बोलण्यापुरता नियम नाही हो, आमच्याकडे तो पाळतात. फळवाला म्हणाला, 'आजोबा, चाखून बघा', तर आमचे आजोबा आधी किलोभर विकत घेणार आणि मग चाखणार. आंबट निघालं तर? तर घरी आणून आम्हा सगळ्यांना खायला लावणार, कारण आता ते आपल्या घामाचं आहे...

त्यात आमचा धंदा सोफे-खुर्च्यांच्या गाद्या भरायचा. त्यामुळे कुणी उपकार केला की आजोबा त्याला उशी शिवून देतात. दातांच्या डॉक्टरनं तपासायचे पैसे घेतले नाहीत, दिली उशी. शेजारणीनं आमच्या कुंड्यांना पाणी घातलं, दिली उशी. एका भल्या माणसानं रस्ता ओलांडताना आजोबांना हात दिला, तर पत्ता सांगेपर्यंत त्याचा हात यांनी सोडला नाही. आता आमच्या गल्लीत लोक आम्हाला मदत करायला घाबरतात. खरंच. शेजारीण म्हणते, 'मी पाणी घालते गं, पण आजोबांना सांगू नकोस, आता आमच्याकडे बसायलाच जागा उरली नाही.'

आणि अशा घरात मला काय मिळावं? विद्यापीठात जागा. फुकट.

म्हणजे फुकट हा आत्याचा शब्द. माझी पहिली पदवी बाबांच्या खर्चानं झाली, आता पुढचा अभ्यास भूजलाचा. जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती उरलंय, आपण ते किती उपसतोय, हे शोधायचं. प्रवेश परीक्षेत माझा नंबर वर आला आणि कळलं की सगळी फी सरकार भरणार. फक्त सोमवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार. मी नाचतच दुकानात शिरले, तर काका सोफ्याला खिळे ठोकता ठोकता म्हणाले, 'पाणी शोधायला कसली गं पदवी, नळ सोडला की येतं.' आणि आत्या, शिवणाच्या मशीनवरून मानही वर न करता, 'सरकार भरणार? सरकार आपलं कोण लागतं?'

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? मावसभाऊ लागतं?

बाबा काय म्हणाले, विचारू नका. आजोबा समोर असले की बाबा कापडाचं ठाण उलगडतात आणि परत गुंडाळतात. तेवढंच.

आजोबा मात्र रागावले नाहीत हं. उलट त्यांचा ऊर भरून आला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, 'नात आमची. जमिनीच्या आतलं बघणार.' पण नियम म्हणजे नियम. आपण कुणाचं फुकट घेत नाही. मग दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, 'चल, विद्यापीठात जाऊन येऊ.' मी म्हटलं, बरं झालं, पटलं वाटतं. आणि बघते तर काखेत हे एवढं गाठोडं...

मखमलीची उशी. गडद लाल, कडेनं पायपिंग, चारही कोपरे अगदी नेमके. असं काम हल्ली ते गिऱ्हाइकालाही करून देत नाहीत.

विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. आजोबांनी उशी खिडकीतून आत सरकवली. बाई अशा मागे सरकल्या की विंचू दिसला जणू. 'हे काय?' आजोबा म्हणाले, 'नातीच्या फीचं.' बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, 'आजोबा, उचला ते आधी. वर कॅमेरा आहे.' तर आजोबा कॅमेऱ्याकडे वळून, 'असू दे की. दिसू दे त्यालाही, शिलाई सरळ आहे.'

मला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई म्हणाल्या, 'अहो, हिला प्रवेश मार्कांवर मिळालाय, उशीवर नाही. हे मी घेतलं तर लाच होईल, माझी नोकरी जाईल.' लाच म्हणाल्या हो. माझ्या आजोबांना. ज्या माणसानं आयुष्यात द्राक्षाचा एक दाणा फुकट तोंडात टाकला नाही त्याला...

घरी येईपर्यंत आजोबांनी उशी काखेतून खाली ठेवली नाही. जेवणं झाली, सगळे पुढच्या खोलीत बसले आणि आजोबांनी निकाल दिला. 'ज्याची परतफेड घ्यायला समोर माणूसच नाही, ते घ्यायचं नाही. सोमवारी नाही म्हणून कळव. उद्यापासून दुकानात बस, हळूहळू सगळं तुझ्याकडेच यायचंय.' आत्या म्हणाली, 'तेच म्हणते मी, जन्मभर सरकारचं मिंधं कशाला राहायचं?' काकांनी तर वर्मावरच घाव घातला, 'ज्याची पोरगी कॉलेजची पायरी चढली नाही तोसुद्धा साबणाच्या वडीवर कर भरतो. त्याच्या पैशानं तू शिकायचं?'

हे मला लागलं, खोटं कशाला सांगू? प्रश्न खरा होता. मी म्हटलं, 'काका, म्हणूनच शिकणार. त्याची बोअर कोरडी पडली की सांगायला कुणीतरी नको का? आणि त्याच्या पोरीलाही जागा मिळाली पाहिजे, माझ्याइतकीच फुकट. ज्याच्या बापाची ऐपत तोच शिकणार असेल, तर पाणी फक्त त्याच्याच अंगणात सापडेल.'

'मोठ्यांशी वाद घालू नये,' आत्या म्हणाली. 'आपण कुणाचं फुकट...'

'आजोबा,' मी म्हटलं, 'गावातले निम्मे गादीवाले तुमच्या हाताखाली शिकलेत. त्यांच्याकडून किती घेतलंत?'

'शिकवण्याचे कसले पैसे?' आजोबा एकदम ताठ बसले. 'मागच्या वर्षी एकजण पाकीट घेऊन आला होता, जिना उतरेपर्यंत झापला त्याला. म्हटलं, शिकवलेलं परत द्यायचं नसतं, पुढच्याला शिकवायचं असतं. मला तरी कुठे कुणी पैसे मागितले होते?'

म्हणजे आजोबासुद्धा फुकट शिकले होते. आणि हे मी नाही, ते स्वतःच बोलले होते, मान वर करून. तुम्हाला सांगते, मला त्यांचा इतका अभिमान वाटला की दोन क्षण भांडायचंच विसरले.

मग म्हटलं, 'सरकारही तेच म्हणतंय. पुढच्याला द्या म्हणतंय. मी तुमचीच नात आहे, बुडवणार नाही. पण सोमवारी मी नाही म्हणून कळवणार नाही. जाणार म्हणून कळवणार. आणि दुकानात बसणार नाही.'

आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काका भिंतीकडे बघू लागले. आत्या, आमची आत्या, जी झोपेतही कुणाला ना कुणाला सुनावत असते, ती गप्प. बाबांच्या हातात या वेळी ठाणही नव्हतं.

आणि माझी पंचाईत बघा. माझ्याकडे अजून ढीगभर मुद्दे शिल्लक होते. रस्ते होते, दवाखाने होते, एक तर अगदी शेवटी टाकायला राखून ठेवलेला होता. पण या घरात आजवर मला कुणी एक वाक्य धड पुरं करू दिलेलं नाही, त्यामुळे भाषणसुद्धा मी मध्येमध्ये कुणीतरी अडवणार असं धरूनच तयार केलेलं. आता अडवायलाच कुणी नाही म्हटल्यावर पुढचं आठवेना. मग काय करता... मीही बसले त्यांच्यात, गप्प.