पप्पूचं जावळ

बादशहा : पिशवी खाली ठेव, अर्जुना. उद्या सकाळी पप्पूचं औषध सुरू व्हायचंय, आणि तू पोराला घेऊन गावाकडं निघालास?

अर्जुना : पंधरा दिसानं आणतो की माघारी, बादशाभाई. देवाचं काम हाय.

बादशहा : रक्ताचा कॅन्सर पंधरा दिवस दम धरत नाही रं. डॉक्टरांनी काल सांगितलं, मागनं मीबी सांगितलं.

अर्जुना : तुमी दोगांनी सांगितलं, औषधानं क्यास गळत्यात. तितंच तर आडलंय. पोरगं तीन वर्साचं झालं, आजून जावळ काढलं न्हाई. जत्रंत बिरोबाच्या बनात, मामाच्या मांडीवर काढीन, आसं बोललोय देवाला. हितं गादीवरच गळालं तर देवाला काय दावू?

बादशहा : हरणाबाई, तुम्ही आई. तुमचं काय म्हणणं?

हरणाबाई : मला कोन इचारतंय. मेंढराची लोकर कवा कातरायची ती ह्यास्नी बरूबर कळती. पोराचं आंग तापलंय, ते कळत न्हाई.

अर्जुना : गप गं.

बादशहा : ऐक माझं. जावळ आजच काढू. केरबा न्हाव्याला बोलावतो. वस्तरा नाही, नुसती मशीन फिरवायची. ह्या वॉर्डात सिस्टर तेवढं चालवून घेतात. केस फडक्यात बांध. जत्रेला तू एकटा जा, देवापुढं ठेव. पोरगं हितंच आईजवळ राहील.

अर्जुना : आन मामा? त्यो मेंढरं घिऊन लांब गेलाय. मांडी कुनाची?

हरणाबाई : ह्यांची.

बादशहा : माझी? आवं बाई, तुमचा देव...

हरणाबाई : रोज दुपारी पोरगं तुमच्याच खांद्यावर झोपतंय. माज्या भावानं आजून फोन केला न्हाई. देवाला काय सांगायचं ते मी सांगते.

(मग अर्जुना पिशवी खाटेखाली सरकवतो.)

अर्जुना : भाई, एक इचारू? तुमी डाक्टर न्हाई, कंपौंडर न्हाई. बेदाण्याचं काम सोडून तासगावास्नं रोज हितं का येता?

बादशहा : माझा शोएब ह्याच वॉर्डात होता. त्या खिडकीजवळ.

अर्जुना : बरा झाला आसंल.

बादशहा : नाही झाला.

हरणाबाई : ...फडकं ह्ये चालंल का, दादा?

बादशहा : चालतंय. नीट पसर, हरणाबाई. आणि सगळं देवाला देऊ नको. चिमूटभर तुझ्याजवळ ठेव.

हरणाबाई : मला कशाला? परत येत्यात म्हनली की सिस्टर.

बादशहा : येतील. पप्पूचे येतील.

हरणाबाई : मग?

बादशहा : मलाबी तसंच सांगितलं होतं. शोएबच्या खाटेखालचे केस झाडूवाली मावशी रोज सकाळी लोटून न्यायची. मी पाय वर घेऊन तिला वाट करून द्यायचो.