दाजींनी मारलेली गाठ

आमच्या दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, मशीन बंद पडलेलं बघवतच नाही.

परवाच्या वादळात गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीचा कडुलिंब नेमका गेटवर आडवा पडला. सगळ्यांच्या गाड्या आत अडकल्या. दाजी कुठून तरी विजेवरची करवत घेऊन आले. फांद्या कापता कापता पठ्ठ्याने करवतीची वायरच कापली! मी धावत जाऊन प्लग काढला. परत येतो तर काय, दाजींनी वायरची दोन्ही टोकं धरून झटक्यात गाठ मारलेली! वीस वर्षं कापडाच्या लूमवर तुटलेले धागेच जोडलेत ना.

"हां, कर चालू!"

"दाजी, यातून करंट जाईल का?"

त्यांनी गाठ जोरात ओढून दाखवली. "माझी गाठ आजवर कधी सुटलीय का रे?"