सोमीची धार

झिपरू : तिला लागलं-बिगलं नाय ना? तेवढं आधी सांगा मास्तर.

मास्तर : तुमची सोमी ठणठणीत आहे, झिपरूदादा. एडवणला शाळेच्या कॅम्पवर मुलांचा स्वयंपाक करतेय. मी मुद्दाम आलो, कारण ती स्वतःहून तुम्हाला काही सांगायची नाही. ही कुऱ्हाड बघा.

झिपरू : दुकानातली दिसते.

मास्तर : कॅम्पसाठी घेतली. धार फार जाड होती, म्हणून मीच बोईसरला एका वर्कशॉपात मशीनवर लावून आणली. दोन मिनिटांत चकचकीत. सोमीनं नुसती बघितली आणि म्हणाली, सर, ही पोरांच्या हाती देऊ नका, हिचं पाणी उतरलंय.

झिपरू : काठ निळा पडला व्हता?

मास्तर : हो, निळसर झाक होती. मला ती शोभा वाटली.

झिपरू : चाकावर कोरडीच धरली असंल. तापलं का लोखंड नरम पडतं. मंग?

मास्तर : मग दोन दुपारी कानस घेऊन बसली. निळा भाग सगळा काढून टाकला. मी म्हटलं, आता जरा आणखी पातळ कर. ऐकेना.

झिपरू : पोट ठेवलं का धारेला, जरा फुगीर?

मास्तर : हाच शब्द तिचा. कोयत्यासारखी पातळ केली तर गाठीवर तुकडा उडतो, म्हणाली. मग दगडावर पाणी टाकत टाकत घासली. शेवटी उन्हात धरली. धारेवर उजेड चमकला तर अजून बोथट हाय, म्हणे.

झिपरू : हे तिला कोणी शिकवलं?

मास्तर : तुम्ही, असं ती सांगते.

झिपरू : मी नाय. मी तिच्या भावाला शिकवत व्हतो, चिंधूला. त्याच्या डोक्यात काय शिरलं नाय. ही तिकडं चुलीपाशी बसलेली असायची. एकदा कुऱ्हाडीला हात लावला तर मीच बोललो, बायांचं काम नाय हे. पुढं सांगा.

मास्तर : काल दुपारी वारं सुटलं. किनाऱ्यावरचं सुरूचं झाड कॅम्पशेजारच्या म्हाताऱ्या साखरबाईंच्या पडवीवर आडवं झालं. म्हातारीचा पाय फांदीखाली अडकला, फांदी मांडीएवढी जाड. उचलायला गेलं की खोड सरकायचं आणि ती कळवळायची. माणसं जमली पाच-सहा, पण पायापासून वीतभर अंतरावर घाव घालायला कोणी पुढं होईना.

झिपरू : कसं व्हनार? धार घसरली तर पायावरच.

मास्तर : सोमीनं पदर खोचला, हीच कुऱ्हाड उचलली. म्हातारीला म्हणाली, आजी, तू माझ्याकडं बघत रा. आणि सुरू झाली. एक घाव या बाजूनं तिरका, एक त्या बाजूनं. तळहाताएवढ्या ढलप्या उडत होत्या. एकही घाव घसरला नाही, झिपरूदादा. पाय मोडलाय, पण वाचला. साखरबाई पालघरला दवाखान्यात आहेत. लोक विचारत होते, पोर कोणाची? तर म्हणाली, झिपरूची.

(झिपरू कुऱ्हाड घेऊन दाराशी जातो, पात्यावरून आडवा अंगठा फिरवतो.)

मास्तर : कशी आहे?

झिपरू : टाचेकडं, खालच्या टोकाला, जरा जास्त घासलीय.

मास्तर : एवढंच?

झिपरू : एवढंच. सुरूच्या गाठी तोडून एक खाच पडली नाय धारेला. मी लावली असती तर पडली असती एखादी.

मास्तर : असंच सांगतो तिला.

झिपरू : नको. तुमी नका सांगू. त्यापरीस ती भिंतीवरची कुऱ्हाड तिच्याकडं घेऊन जा. माझ्या बापाची हाय. आजवर दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाय.

मास्तर : आणि तिनं विचारलं तर?

झिपरू : सांगा, तुझ्या बापानं धार लावायला दिलीय.