ऑटोमॅटिक गाडीची वरात

जुन्या गाडीचं नाव काढू नका माझ्यासमोर, चहा कडू लागतो. भुईगावातले निम्मे नवरा-नवरी बाबांच्या त्या लांबलचक अमेरिकन गाडीतून मीच नेलेत. खड्डा आला की नवरी किंचाळायची, आणि गाडी बंद पडली की नवऱ्याच्या भावांनी धक्का मारायचा, ही तर रीतच झाली होती. शेवटी वैतागून आठ महिने उमेळ्याच्या मेकॅनिककडे खेटे घातले. सस्पेन्शन नवं करून घेतलं, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक.

त्यानंतरचं पहिलंच लग्न. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, हेडलाइट चालू राहू द्या, फोटोत भारी दिसतात." राहू दिले. तासाभरानं नवरा-नवरी गाडीत येऊन बसले, तर बॅटरी झोपलेली.

भावांनी लगेच कोट काढले. मी म्हटलं, "बाबांनो, ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही!"

"होते अंकल, दरवेळी होते," थोरला म्हणाला. "तुम्ही फक्त वेळेवर क्लच सोडा."

"अरे, क्लचच नाही आता!"

ऐकतंय कोण? शेवटी स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात दिलं आणि मीही मागून धक्का मारायला लागलो. थेट हॉलपर्यंत ढकलली.

उतरताना नवरी खूश. "अंकल, काय मस्त काम करून घेतलंय! एक धक्का बसला नाही."

मी घाम पुसत म्हटलं, "तुला कुठून बसणार, पोरी? सगळे मागून आम्ही मारत होतो."