अकरा नंबरचा नायट्रोजन

— नाही हो डॉक्टर, नेऊ नका असं मी कुठं म्हणतोय, मॅडमची सही आहे म्हटल्यावर अडवणारा मी कोण — फक्त ही अकरा नंबरची मेंढी आत्ता रवंथ करतेय, तेवढं होऊ द्या. बसा ना. त्या पोत्यावर बसा, स्वच्छ आहे. इथं कुणी बसतच नाही. येतात, आकडे घेतात, जातात. आता तुम्ही मेंढी कापून आतलं बघणार, म्हणजे पोटातलं तुम्हाला जास्त कळतं — पण सहा वर्षं या पिंजऱ्यांखालच्या लेंड्या आणि मूत्र मी मोजतोय, तेव्हा दोन शब्द मलाही येतात. मेंढी गव्हाचं काड खाते म्हणतात. कुठली खातेय? काड खातात तिच्या पोटातले जंतू, आणि ती खाते जंतू. भाडेकरू ठेवायचे, पोसायचे आणि मग तेच गिळायचे — मॅडम हसल्या होत्या मी असं म्हणालो तेव्हा. आणि चाऱ्यात नायट्रोजन कमी असला की ही काय करते? आपण जो युरिया मुतून मोकळे होतो ना, तो ही सगळा टाकत नाही — लाळेतून परत पोटात घेते, जंतूंना घालते. आमची बायको अशीच होती, काही म्हणून फेकायची नाही, शिळ्याचं असं ताजं करायची की ओळखू येऊ नये. गेली ती. दोन वर्षं होतील.

तर मॅडमच्या प्रयोगातलं कोडं काय — अकरा नंबरला तोलून काड, बाकी काही नाही. त्यात नायट्रोजन किती, ते मोजलेलं. आणि लेंड्या-मूत्रातून बाहेर पडतो तो त्याहून जास्त. बरं, अंगचं झिजवून टाकतेय म्हणावं, तर वाळायला नको? चार महिन्यांत चार किलोंनी वाढली. मॅडमनी तराजू बदलला, बाटल्या बदलल्या, तपासणी तीनदा केली, शेवटी पोटच उघडून बघायचं ठरवलं. माझ्यावर संशय घेतला नाही. हा माणूस थेंब सांडणार नाही, असं पाहुण्यांना सांगतात. खरंच आहे ते, बाहेर पडलेलं मी चोख मोजलं — असं बघू नका हो डॉक्टर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय माझं. सांगूनच टाकतो. वाटाणे. उकडलेले वाटाणे. मला दोघांचाच स्वयंपाक येतो, हात बसलाय तसा. एकाचं करायला गेलो की खारट तरी होतं नाहीतर करपतं. मग डबा दोघांचा भरतो. दुपारी समोर कुणी नसतं, ही तोंड बाहेर काढून बघत असायची — दिली एक मूठ. दुसऱ्या दिवशी डबा उघडल्याचा आवाज आला तर उठून उभी. कुणीतरी माझी वाट बघत होतं, डॉक्टर. मग रोज अर्धा डबा तिचा. वाटाण्यात नायट्रोजन किती, हे मला माहीत नाही होय? सगळ्यांच्या आधी मला माहीत. आणि रोज संध्याकाळी तक्त्यात मीच लिहायचो — काड आठशे ग्रॅम, इतर काही नाही.

तेव्हा हिच्या पोटात जादूबिदू नाही. चारचौघींसारखी मेंढी आहे, कापून सालं मिळतील वाटाण्याची. लिहा तसं, दोष माझा म्हणून लिहा. मॅडमना मीच सांगायचं, पण जीभ रेटली नाही. मला काढतील, काढू देत, ही तर वाचली — काय? हो. हो, ते लक्षातच आलं नाही माझ्या. प्रयोगातून बाद झालेल्या बुधवारच्या गाडीनं कसायाकडे जातात. ठाऊक आहे, मीच चढवतो.

मग मला द्या तिला. दोन खोल्या आहेत माझ्याकडे, एकीत तर मी जातही नाही. हसू नका, खरंच विचारतोय. काड काय, कुठंही मिळेल. तुम्ही जा, मॅडमना विचारून या. जा ना. मी कुठं जाणार, इथंच आहे.