उठायचे धागे

मान आखडली म्हणून स्वप्ना वसईतल्या फिजिओच्या दवाखान्यात नंबर लावून बसली होती. शेजारच्या बाकावरचं म्हातारं जोडपं हळूच बोलत होतं, पण खोलीच एवढीशी होती.

“रोज राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाता, आणि पायांत जोर नाही म्हणे!”

“अगं सेलिन, स्नायूंतले चालायचे धागे वेगळे, झटकन उठायचे वेगळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालं की उठायचे आधी झिजतात.”

“म्हणून चर्चमध्ये मिस्साला मागे दाराशी उभे राहता?”

“गुडघे टेकले की उठता येत नाही. सगळे उभे, आणि मी आपला खालीच. मग लोक हात द्यायला धावतात.”

“मला सांगायचं नाही?”

“त्यात काय सांगायचं?”

“मला वाटलं, लेस्लीसारखा लेक गेला म्हणून देवावर रागावलात. तेव्हापासून तुमच्यासाठी वेगळी रोझरी म्हणतेय मी.”

स्वप्नाने उगाचच पर्स उघडली.

“हात न टेकता खुर्चीतून उठायचा व्यायाम दिलाय. करतोय.”

“म्हणजे राग नाही ना?”

“आधी नीट उठता येऊ दे, सेलिन. मग गुडघे टेकायचे की नाही, ते ठरवतो.”