डाव्या पोटरीवरची गोचीड

हॅलो?… ताई? अगं होतीस कुठे? नऊ वेळा फोन लावला… बरं, ते राहू दे. भावोजी कसे आहेत?

…एकशे तीन? आणि गोळ्यांचा कितवा दिवस?… चार दिवस मलेरियाच्या गोळ्या घेऊनही ताप हलत नाही?… हो, हो… लघवीचा रंग कसा आहे?… काळ्या चहासारखा. हं.

अगं ऐक ना. आधी बस कुठेतरी… वॉर्डात खुर्ची नाही? मग भिंतीला टेकून उभी राहा. मी लॅबमधून बोलतेय. तासाभरापूर्वी माझ्या मशीनमधून एक निकाल आलाय. भावोजींना मलेरिया नसावा, असं मला वाटतंय.

…नाही, मी डॉक्टर नाही. ठाऊक आहे मला. मी गोचिडी तपासते, सोळा वर्षं तेच करतेय, आणि म्हणूनच सांगतेय.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार आठवतो? तुमच्या घरामागच्या रानात मी पांढरं कापड गवतावरून ओढत होते, गोचिडी गोळा करायला. भावोजी म्हणाले, मी ओढतो, तू चिमट्याने वेच… हो, तोच दिवस. पँट मोज्यांत खोचा म्हटलं, तर म्हणे मी काय शाळेत चाललोय?… हसू नकोस. मीही हसलेच होते.

तर बाटल्या त्यांनी भरल्या. आमचा नियम असा, की बाटलीवर फक्त जागेचा नंबर लिहायचा. एका बाटलीवर त्यांनी काय लिहिलं, माहितेय? ‘माझ्या डाव्या पोटरीवरची’… नाही गं, थट्टा नाही. एक गोचीड त्यांना चावली होती. ती उपटली आणि टाकली बाटलीत… तुलाही बोलले नाहीत ना? मी दुसऱ्या दिवशी बाटली बघितली, आणि फोन करून त्यांना झापलं. बिननंबरी बाटली आमच्या काही कामाची नाही, असं मी त्यांना सुनावलं. चावल्याचं विचारलंच नाही, ताई. मी नंबराचंच बोलत बसले.

…हो, सांगते ना. काल तू म्हणालीस ताप उतरत नाही, तेव्हा ती बाटली आठवली. ट्रेच्या कोपऱ्यात पडून होती. सकाळी आल्या आल्या तेवढीच एक तपासली. तिच्यात परजीवी निघाला. मलेरियाचा नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद म्हण. बॅबेसिया… बॅ-बे-सि-या. तोही रक्ताच्या पेशीत शिरतो, आणि मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचेवर अगदी मलेरियासारखी अंगठी दिसते. भलेभले फसतात. पण मलेरियाच्या गोळ्यांना तो दाद देत नाही.

आणि भावोजींची प्लीहा काढलीय, हे डॉक्टरांना सांगितलंस का?… अगं, तुझ्या लग्नाआधी स्कूटरवरून पडले होते, पोटावर तो व्रण आहे ना… जुनी गोष्ट काय? प्लीहा असती तर तिने ह्या परजीवीला थोडं तरी आवरलं असतं. त्यांच्याकडे ती नाहीच, म्हणून तर मला घाई आहे. अजून एक दिवस गेला तर किडन्या बसतील… घाबरवत नाहीये तुला. खरं ते सांगतेय.

…डॉक्टर संध्याकाळी येणार? संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही… चिडले तर चिडू देत. माझ्यावर ढकल, बहीण आगाऊ आहे म्हण. रक्त कुठे तपासलं? तिथेच, तळमजल्यावर? मग काच अजून असणार. चल, खाली त्यांच्या लॅबमध्ये जा. फोन बंद करू नकोस… शेजारच्या कॉटपाशी बसलेल्या मावशी बघतील ना त्यांच्याकडे? सांग त्यांना. लिफ्ट राहू दे, जिन्याने जा.

…पोचलीस? दार लावलंय? वाजव… जेवायची सुट्टी आहे ते कळलं. वाजव परत… असं वाजवणं बरं दिसत नाही? न दिसू दे. वाजव… उघडलं? दे त्यांना फोन.

नमस्कार दादा. जेवणावरून उठवलं, माफ करा. मीही तुमच्यासारखी काचाच बघते… नाही, नाही, चूक काढायला फोन नाही केला. अंगठ्या दिसल्या, मलेरिया लिहिलंत. मीही तेच लिहिलं असतं. पण ह्या पेशंटच्या पोटरीवरून काढलेली गोचीड माझ्याकडे आहे, आणि तिच्यात बॅबेसिया निघालाय… हो, क्वचितच. मला एकदाच बघून सांगा, एका पेशीत चौघं टोकाला टोक लावून बसलेत का, फुलीसारखे. तसं एक जरी सापडलं तरी पुरे… धरते ना मी. मला काही घाई नाही… खोटं कशाला बोलू, आहे घाई. पण धरते.

…ताई, काय करतायत ते?… काचेवर तेलाचा थेंब टाकला? बरं, म्हणजे मोठं करून बघतायत. आता त्यांच्याशी बोलू नकोस, बघू दे नीट… मी? मी उभीच आहे इथे. माझ्यामुळे झालं गं हे, मीच नेलं त्यांना गवतात… नको, समजूत नको काढूस. नंतर भांड माझ्याशी. आत्ता काय म्हणतायत ते बघ.

हं, बोला दादा… किती?… एकाच पेशीत चार. आणखी एक आहे?… तेच. तेच आहे ते… तुम्ही स्वतः डॉक्टरांना फोन करता? आत्ता? फार बरं होईल. प्लीहा काढल्याचंही सांगा त्यांना. माझा निकाल मी दहा मिनिटांत पाठवते, गोचिडीच्या फोटोसकट… जेवण गार झालं असेल तुमचं… उपकार झाले, दादा.

ताई… रड, रडून घे दोन मिनिटं. मग तोंड धू आणि वर जा… बरे होतीलच असं मी नाही म्हणत. पण आता औषध तरी योग्य मिळेल.

…ताई, भावोजींना एक सांगशील? नंबर टाकलेल्या बाटल्यांतल्या गोचिडी आम्ही एकत्र करतो आणि पाळीपाळीने तपासतो. त्या रानाची पाळी अजून दीड महिन्याने आहे. त्यांनी नियमाप्रमाणे नंबर लिहिला असता ना, तर ही गोचीड बाकीच्यांत मिसळून आत्ता फ्रीजरमध्ये पडली असती… हो, ज्याच्यावरून झापलं तेच. त्यांना सांग, की त्या बाटलीवर मी काही नंबर टाकणार नाही. आणि सांग, की…

नको. तू नको सांगूस. मी निघतेय इथून, तीन तासांत पोचते. मीच सांगते त्यांना. ठेव आता, निकाल पाठवायचाय.